पडद्यावरचें फिरतें बटण

कफ परेडच्या मच्छीमार नगराच्या किनाऱ्यावर सायंकाळीं थोडा वेळ उभें राहिलें, तर एक साधी गोष्ट कोणाच्याहि नजरेस पडते. बॅक बेच्या पाण्यांत नांगरलेल्या होड्या वाऱ्याच्या व भरतीओहोटीच्या ओढीप्रमाणें हळूहळू फिरत असतात. कांहीं वेळापूर्वीं जिचें तोंड मलबार हिलकडे होतें, ती आतां कुलाब्याकडे तोंड करून उभी असते. परंतु होडी कितीहि फिरली तरी तिची जी बाजू पश्चिमेकडे येईल तीच सोनेरी दिसते, आणि दुसरी बाजू काळोखी राहते. होडी फिरते, ऊन फिरत नाहीं. इतकी सर्वपरिचित गोष्ट मुद्दाम सांगण्याचें कारण काय, असें श्रोत्यांस वाटेल. कारण असें कीं, आजकाल संगणकावर गाणें ध्वनिमुद्रित करण्याचे जे प्रोग्रॅम असतात, त्यांत जीं वाटोळीं बटणें चितारलेलीं दिसतात, त्यांच्या चित्रकलेचें निम्मेंअधिक रहस्य ह्या होडींत सांठविलेलें आहे. आणि तीं बटणें नव्यानें काढूं पाहणारे हौशी लोक बहुधा नेमकें हेंच विसरतात.

अशा बटणास कारागीर मंडळी सरळ 'नॉब' म्हणतात. घराघरांतील जुन्या रेडिओला अशीं दोन तरी बटणें असत. एकानें आवाज लहानमोठा होई, दुसऱ्यानें स्टेशन लागे. लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून प्लॅस्टिकचीं, ॲल्युमिनियमचीं, हरतऱ्हेचीं बटणें मिळतात. आवाजाच्या बटणामागें जो भाग असतो, त्यांत कार्बनचा लेप दिलेली एक वर्तुळाकार पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक जीभ सरकते. पट्टीचीं दोन्ही टोकें एकमेकांस चिकटलीं तर रचनेला अर्थच उरणार नाहीं. म्हणून तिच्यांत खंड ठेवावा लागतो. ह्यामुळेंच असें बटण पुरा फेरा घेत नाहीं. तें सुमारें २७० ते ३०० अंश फिरतें. घड्याळाच्या भाषेंत सांगावयाचें तर साताच्या सुमारास निघून, बारावरून पलीकडे जाऊन पांचाच्या सुमारास थांबतें. संगणकाच्या पडद्यावर ना कार्बन, ना जीभ, ना आंस. तरी तेथील चितारलेलें बटणहि सातावर निघतें व पांचावर थांबतें. उंबरठा नसलेल्या नव्या घरांत संवयीनें पाऊल उंच उचलणाऱ्या माणसासारखा हा प्रकार आहे खरा. परंतु तो मोडण्याचा आग्रह धरूं नये. जी खूण डोळ्यांस आधींच ठाऊक आहे, ती पुन्हां शिकवावी लागत नाहीं.

ह्या वाटोळ्या बटणांशीं मुंबईच्या संगीताचा संबंध आजकालचा नव्हे. १९८२ सालीं चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका मुंबईंत निघाली. तींत जपानच्या रोलंड कंपनीचीं यंत्रें वाजतात. त्यांपैकीं टीबी-३०३ नांवाच्या लहानशा रुपेरी पेटीवर सहा लहान बटणें एका ओळींत बसविलेलीं असतात, आणि तीं फिरवितांच एकाच सुराचा रंग मंद होतो, तापतो, किंचाळतो. त्या वेळीं ह्या ध्वनिमुद्रिकेकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं; २०१० सालीं ती पुन्हां निघाली, तेव्हां मात्र परदेशांतहि तिची मोठी वाहवा झाली. दरम्यान त्या रुपेरी पेटीचें उत्पादन कधींच थांबलें होतें. १९९७ च्या सुमारास स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीनें 'रीबर्थ' नांवाचा प्रोग्रॅम काढला आणि पेटीचें सारें रूप पडद्यावर उतरविलें. पुढें त्या कंपनीनें प्रोग्रॅमांतील चित्रें व आवाज बदलण्याची मुभा वापरणाऱ्यांस दिली. लोकांनीं ती हौसेनें उचलली, आणि एकाच यंत्राला नाना तऱ्हेचे वेष चढले. २००५ सालीं तो प्रोग्रॅम बंद झाला. परंतु बटणाचें चित्र दुसऱ्या कोणी तरी काढावें व तें मूळ चित्राच्या जागीं बसावें, हा रिवाज तोंवर रुळून गेला होता.

ह्याच रिवाजाचा दुसरा एक झरा विनअँप ह्या गाणीं ऐकविण्याच्या प्रोग्रॅमांतून निघाला. जस्टिन फ्रँकेल ह्या अमेरिकन तरुणानें तो १९९७ सालीं काढला. त्याच्या वेषांत, म्हणजे 'स्किन'मध्यें, आवाजाच्या पट्टीसाठीं एकाखालीं एक अशीं २८ चित्रें रचलेलीं असत. पट्टी ओढतांना प्रोग्रॅम त्यांतील एकेक चित्र पुढें करी, आणि पाहणाऱ्यास वाटे कीं रंग हळूहळू भरत चालला आहे. ह्याच फ्रँकेलनें पुढें 'रीपर' नांवाचा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम केला. तो २००५ सालीं प्रथम लोकांपुढें आला. त्याच्या वेषास 'थीम' म्हणतात. थीम म्हणजे एक गुंडाळलेलें फोल्डर. त्यांत चित्रें असतात, रंगांची यादी असते आणि कोणती वस्तु कोठें मांडावी हें सांगणारी एक मजकुराची फाईल असते. चित्राच्या जागीं त्याच नांवाचें दुसरें चित्र ठेवलें कीं पडद्यावरील रूप पालटतें. ह्यासाठीं प्रोग्रॅम लिहितां येण्याची गरज नाहीं. चित्र काढतां आलें पाहिजे, आणि तें कां काढावयाचें हें ठाऊक असलें पाहिजे.

तें कां काढावयाचें? कोळी व आगरी समाजांत लग्नप्रसंगीं धवले गाणारी धवलारीण असते. तिचीं गाणीं वहींत नसतात. एका बाईच्या तोंडून दुसरीच्या कानीं, अशींच तीं चालत आलेलीं आहेत. समजा, मच्छीमार नगरांतील एखाद्या तरुणानें पावसाळ्यांतील मासेमारीबंदीच्या दिवसांत, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतांना, आपल्या धवलारीण आत्याचा आवाज घरच्या संगणकावर मुद्रित केला. एक आवाज पुढचा, दोन बायका मागून उचलणाऱ्या. आतां पुढचा आवाज किती मोठा ठेवावा, मागच्या बायका डावीकडून ऐकूं याव्या कीं उजवीकडून, हें ठरविण्याचा पहिला अधिकार कोणाचा? गाण्याची चाल जिला ठाऊक आहे तिचा. कोणता शब्द उठून यावा आणि कोणता मागच्यांनीं झेलावा, हें आत्यास कळतें, भाच्यास नव्हे. परंतु पडद्यावर नखाएवढीं करडीं बटणें, त्यांवर काळपट रेघ आणि खालीं मुंगीएवढीं इंग्रजी अक्षरें! साठी उलटलेल्या बाईनें त्यांतून आपला आवाज कसा शोधावा? ती मुकाट्यानें खुर्ची मागें सारते आणि 'तुला बरें वाटेल तसें कर' म्हणते. मग भाचा आपल्या कानाला रुचेल तसें करतो, आणि पुढच्या पिढीच्या हातीं आत्याचें गाणें न जातां भाच्याचें जातें. बटणाचें चित्र हा दिसावयास क्षुल्लक विषय असला, तरी त्यावर एवढें अवलंबून राहूं शकतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पडद्यावर बटण खरोखर फिरत नसतें. सिनेमाच्या फितीप्रमाणें वेगवेगळ्या स्थितींचीं चित्रें एका लांब पट्टीवर आंखलेलीं असतात आणि प्रोग्रॅम त्यांतील हवें तें दाखवितो. पहिला प्रश्न असा कीं चित्रें किती असावीं? एकंदर फेरा २७० अंशांचा धरला आणि चित्रें ३१ काढलीं, तर त्यांच्यामध्यें ३० टप्पे होतात व प्रत्येक टप्पा ९ अंशांचा पडतो. बटण लहान असेल तर हें पुरतें. मोठें असेल तर रेघ उड्या मारीत जाते. ६१ चित्रें केलीं तर टप्पा साडेचार अंशांचा होतो आणि चाल पुष्कळच गुळगुळीत दिसते. पुष्कळ लोक १२८ चित्रें काढतात, कारण वाद्यांना संगणकाशीं जोडणारी 'मिडी' ही जी पद्धति १९८३ सालीं सुरू झाली, तींत मूल्यें ० पासून १२७ पर्यंत म्हणजे १२८ असतात. हिशेब बिनचूक वाटतो. पण त्यांत एक खोंच आहे. १२८ ही सम संख्या असल्यामुळें तिला नेमका मध्य नाहीं. आवाज डावीउजवीकडे नेणाऱ्या बटणाची रेघ मध्यावर बरोबर बारा वाजल्यासारखी उभी राहिली पाहिजे. १२८ चित्रांत ती एक अंशाहून किंचित् अधिक कललेली राहते. ६४ पिक्सेल रुंदीच्या बटणांत एक अंश म्हणजे रेघेच्या टोकाशीं जेमतेम अर्धा पिक्सेल. परंतु अर्धा पिक्सेल सरकलेली रेघ उभी न दिसतां पुसट दिसते, आणि मध्य नक्की लागला कीं नाहीं ह्याविषयीं मन साशंक राहतें. म्हणून मध्य असलेल्या बटणास चित्रें नेहमीं विषम संख्येनें द्यावीं. केवळ आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणास हा नियम लागू नाहीं.

हाच न्याय चित्राच्या रुंदीसहि लावावा. पडदा ज्या बारीक चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो, त्यांस पिक्सेल म्हणतात. बटण ३३ पिक्सेल रुंद असेल, तर १७ वा पिक्सेल मध्यावर येतो आणि एक किंवा तीन पिक्सेल जाडीची रेघ तेथें स्वच्छ बसते. बटण ३२ पिक्सेल रुंद असेल, तर मध्य दोन पिक्सेलांच्या फटींत पडतो. तेथें रेघ दोन किंवा चार पिक्सेल जाडीची हवी. ज्यानें कधीं भिंतीवर चुन्याच्या दोरीनें मध्य काढला आहे त्यास हें समजावून सांगावें लागणार नाहीं. पट्टीच्या आकारमानाचीहि थोडी जाणीव असावी. ६४ पिक्सेल रुंद व तेवढेंच उंच असें एक चित्र संगणकाच्या स्मरणांत १६,३८४ बाइट जागा घेतें. अशीं १२८ चित्रें म्हणजे वीस लाखांहून अधिक बाइट. आजच्या यंत्रास हें ओझें नव्हे. तथापि दहा तऱ्हांचीं बटणें व प्रत्येकाचीं तीन आकारमानें केलीं, तर जुन्या संगणकावर थीम उघडावयास वेळ लागूं लागतो.

आतां होडीकडे परत येऊं. नवशिका काय करतो? एक सुंदर बटण काढतो. त्याच्या वरच्या अंगास चकाकी, खालच्या अंगास सावली, मध्यें रेघ. मग तें संबंध चित्र नऊ नऊ अंशांनीं फिरवून पट्टी तयार करतो. परिणाम असा कीं रेघेबरोबर चकाकीहि फिरते, आणि बटण पांचावर पोहोंचतें तेव्हां उजेड खालून येऊं लागतो. माणसाच्या डोळ्यास उजेड वरून येण्याची जन्माची संवय आहे. ज्या वस्तूचा वरचा भाग उजळ तिला तो फुगीर समजतो, आणि ज्या वस्तूचा खालचा भाग उजळ तिला खोलगट समजतो. त्यामुळें सुरुवातीस उंचवट्यासारखें दिसणारें बटण फिरतां फिरतां खळग्यासारखें दिसूं लागतें. पाहणाऱ्यास चूक नेमकी कोठें आहे हें सांगतां येत नाहीं. कांहीं तरी बिनसलें आहे एवढेंच त्याला जाणवतें, आणि डोळा रेघेवर ठरत नाहीं.

उपाय अगदीं सोपा आहे. चित्र थरांत काढावें. सर्वांत खालीं बटणाची जमिनीवर पडलेली सावली, तिच्यावर बटणाचें अंग, त्यावर उजेडाची झळाळी आणि सर्वांत वर रेघ. फिरवावयाची ती फक्त रेघ; बाकीचे थर जागच्या जागीं. उजेड वरून, किंचित् डावीकडून येतो असें एकदां ठरवावें आणि साऱ्या थीममध्यें, मग बटण असो कीं पट्टी असो, तेंच पाळावें. रेघ खोदलेली दाखवावयाची असेल तर मात्र थोडें अधिक कष्ट पडतात. रेघ आडवी असतांना तिची वरची कड काळी व खालची कड उजळ दिसते; रेघ उभी झाली कीं हा भेद जवळजवळ नाहींसा होतो. म्हणजे खोदीव रेघेची सावली प्रत्येक चित्रांत नव्यानें काढावी लागते. ज्यास एवढा वेळ नाहीं त्यानें सपाट पांढरी रेघ काढावी. ती पुष्कळदां अधिक चांगलीच दिसते.

ज्यांस धातूचें बटण हवें असेल त्यांनीं घरांतील स्टीलच्या डब्याचें झांकण दिव्याखालीं धरून पाहावें. झांकणावर यंत्राच्या बारीक वर्तुळाकार रेघा असतील, तर तिच्यावर समोरासमोर दोन उजळ पाकळ्या दिसतात. दोन्ही मिळून डमरूसारखा आकार होतो. आतां झांकण हातांत सावकाश फिरवावें. झांकण फिरतें, डमरू फिरत नाहीं. धातूच्या बटणांत हा स्थिर डमरू काढला कीं बटण खरेंखुरें वाटूं लागतें. आणि तो रेघेबरोबर फिरविला कीं तेंच बटण कागदाच्या चकतीसारखें दिसतें. बाजारांत विकत मिळणाऱ्या थीमांतहि ही चूक आढळते, हें आश्चर्य आहे.

बटणाच्या कडेस पकड येण्यासाठीं खांचा असतात. त्या मात्र फिरल्या पाहिजेत. येथें सिनेमांतील टांग्याच्या चाकाची गंमत आठवावी. टांगा पुढें धांवत असतो आणि चाक उलटें फिरतांना दिसतें. बटणाच्या कडेस ३० खांचा काढल्या, तर त्यांच्यांत १२ अंशांचें अंतर पडतें. चित्रें ३१ असतील तर प्रत्येक टप्प्यास खांच ९ अंश पुढें सरकते. परंतु खांचा सर्व सारख्याच असल्यामुळें डोळ्यास वाटतें कीं ती ३ अंश मागें आली! रेघ उजवीकडे चालली आहे आणि कड डावीकडे. खांचा बाराच ठेवल्या, किंवा चित्रांची संख्या दुप्पट केली, कीं हा भ्रम जातो.

ह्या कामासाठीं 'नॉबमॅन' नांवाचा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. एका जपानी कारागिरानें तो खास ह्याच कामासाठीं केलेला आहे. त्यांत थर मांडतां येतात, कोणत्या थरानें किती अंशांपासून किती अंशांपर्यंत फिरावें हें सांगतां येतें आणि शेवटीं संबंध पट्टी एकदम निघते. इंकस्केप किंवा ब्लेंडर ह्यांसारख्या साधनांनींहि हेंच काम होतें. पण त्यांत थर हाताळण्यापूर्वीं साधनच शिकावें लागतें. पट्टींत किती चित्रें आहेत हें प्रोग्रॅमास कळविण्याची तऱ्हा निरनिराळी असते. 'कॉन्टॅक्ट' ह्या वाद्यांच्या प्रोग्रॅमास तर चित्रासोबत एक मजकुराची फाईल ठेवून तींत ती संख्या लिहून द्यावी लागते. ती चुकली कीं एका बटणाच्या जागीं दीड बटण दिसतें.

कडेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. बटण वाटोळें, चित्र चौकोनी; उरलेले कोपरे पारदर्शक ठेवावे लागतात, आणि म्हणून चित्र पीएनजी स्वरूपांत जपून ठेवतात. कित्येक जण पांढऱ्या कागदावर काढल्याप्रमाणें पांढऱ्या भूमीवर बटण काढतात आणि मागाहून पांढरा रंग पुसतात. मग काळसर पडद्यावर त्या बटणाभोंवतीं पांढरी कोर उमटते. नारळाची करवंटी खरवडूनहि खोबरें राहावें तशी. आरंभापासूनच पारदर्शक भूमीवर काढलें, तर हा त्रास होत नाहीं. चित्र चौपट मोठें काढून मग लहान केलें तर कड आपोआप मऊ येते.

आत्यासाठीं थीम करावयाची, तर बटणाखालचें नांव मराठींत हवें. येथें देवनागरी अक्षर आपला स्वभाव दाखवितें. इंग्रजी मोठीं अक्षरें सात-आठ पिक्सेल उंचींत वाचतां येतात, कारण त्यांच्या वर कांहीं नाहीं, खालीं कांहीं नाहीं. आपल्या अक्षरास शिरोरेघ आहे, तिच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, पायाशीं उकार. एवढा संसार आठ पिक्सेलांत मांडणें म्हणजे एका खोलींत तीन बिऱ्हाडें. अक्षराचें मधलें अंगच आठ-नऊ पिक्सेल ठेवावें आणि वर चार व खालीं तीन अशी मोकळी जागा सोडावी, तेव्हां कोठें तें सुखानें वाचतां येतें. शिरोरेघ नेमकी पिक्सेलांच्या एका ओळीवर बसवावी. ती दोन ओळींमध्यें सांडली तर अख्खा शब्द धुरकट दिसतो. ह्याकरितां संगणकाच्या तयार अक्षरांवर विसंबून न राहतां, तो शब्द मोठा करून एकेक पिक्सेल हातानें नीट करावा. शब्द दहा-बाराच असतात. एका दुपारचें काम.

शब्दांची निवडहि विचारपूर्वक करावी. 'खर्ज' हा शब्द गाणाऱ्यांच्या नित्याचा. पण त्याचा रफार लहान आकारांत माशीसारखा दिसतो. 'डावें' ह्या शब्दांत मात्रा व अनुस्वार एकमेकांस भिडतात; तेथें नुसतें 'डा' आणि दुसऱ्या बाजूस 'उ' लिहिलें तरी कोणी अडत नाहीं. मोठ्या खोलींत आवाज घुमतो तसा परिणाम देणाऱ्या बटणास 'घुमारा' म्हणावें. हा शब्द घराघरांत आहे, आणि 'प्रतिध्वनि-नियंत्रक' असलें नांव वाचून घाबरण्याची पाळी कोणावर येत नाहीं. आवाजाच्या बटणांवर तर 'आवाज' असें सर्वत्र लिहिण्याऐवजीं 'पुढची', 'मागची १', 'मागची २' असें लिहावें. जें बटण कोणाचें आहे हें कळतें, त्याला आवाजाचें बटण म्हणून वेगळें सांगावें लागत नाहीं.

रंगाविषयीं एकच सावधगिरी पुरे. तांबडा व हिरवा ह्यांतील भेद कांहीं लोकांस, त्यांतहि पुरुषांस, दिसत नाहीं; आणि वयोमानानें मोतीबिंदु होऊं लागला कीं फिके रंग एकमेकांत मिसळतात. म्हणून सारी थीम एकदां काळीपांढरी करून पाहावी. तशीहि रेघ अंगापासून वेगळी ओळखूं आली, तर रंग कोणताहि दिला तरी चालेल. बटणाभोंवतीं एक उजळ कमान काढून ती मूल्याप्रमाणें भरत नेली, तर चार हातांवरूनहि स्थिति कळते. फक्त रेघेवर अवलंबून असलेलें बटण तितक्या दुरून वाचतां येत नाहीं.

वाटोळ्या बटणांच्या विरुद्ध बोलणारेहि आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. ते म्हणतात, हातांत माऊस आहे. तो टेबलावर सरळ सरकतो. बहुतेक प्रोग्रॅमांत बटण फिरविण्यासाठीं माऊस वर किंवा खालीं ओढावा लागतो. मग चित्र गोल आणि हालचाल सरळ, ही विसंगति कशाला? सरळ पट्टीच बरी. २०१३ सालीं अ‍ॅपल कंपनीनें आपल्या फोनच्या पडद्यावरील चामडें, लांकूड, धातू असल्या नकला काढून टाकल्या, तेव्हांपासून ह्या मताला जोर चढला. तरीहि संगीताच्या प्रोग्रॅमांतून बटणें गेलीं नाहींत. कारण जागा. एक पट्टी वाचतां येण्यासाठीं जेवढी लांब हवी, तेवढ्या जागेंत चार बटणें मावतात, आणि बाराकडे पाहणाऱ्या आठ रेघांतील एक वांकडी असली तर ती ओळींत ताबडतोब उठून दिसते. मात्र धवलारिणीच्या तीन आवाजांसाठीं आठ बटणांची गर्दी नको. तेथें आवाजाला लांब पट्ट्या द्याव्या आणि डाव्या-उजव्यासाठीं तेवढीं बटणें ठेवावीं, हाच तोडगा बरा. थीम काढणाऱ्यानें बटणांच्या प्रेमांत पडून भागत नाहीं.

दुसऱ्यांनीं काढलेलीं बटणें फुकट मिळतात, तीं घेण्यास हरकत नाहीं. परंतु प्रत्येकासोबत काढणाऱ्याची अट असते. कोणी नांव द्यावें म्हणतो, कोणी विक्रीस मना करतो. ती वाचावी व पाळावी. कंपनीचें बोधचिन्ह असलेलें बटण तर हुबेहूब उतरवूं नये.

तयार थीमची परीक्षा काढणाऱ्यानें स्वतः करूं नये. त्याला कोठें काय आहे हें पाठ असतें. आत्यास खुर्चीवर बसवावें, गाणें सुरू करावें आणि कांहींएक न सांगतां 'मागच्या बायकांचा आवाज थोडा कमी करा' एवढेंच म्हणावें. तिचा हात पहिल्यानें कोठें जातो हें पाहावें. तो भलत्याच बटणाकडे गेला तर दोष तिचा नव्हे. दिवा मालवून, आणि खिडकींतून दुपारचें ऊन पडद्यावर येत असतांना, अशा दोन्ही वेळां ही परीक्षा करावी. समुद्रावरच्या घरांत दुसरी परीक्षाच अधिक कठीण जाते.

शेवटीं आकारमानाची गोष्ट. नव्या पडद्यांचे पिक्सेल इतके बारीक असतात कीं जुनें बटण त्यांवर राईएवढें दिसतें. ह्यासाठीं 'रीपर'च्या थीममध्यें मूळ चित्रांखेरीज दीडपट व दुप्पट चित्रांचीं वेगळीं फोल्डरें असतात. ३३ पिक्सेलांचें बटण दीडपट केलें तर साडेएकोणपन्नास होतें, आणि अर्धा पिक्सेल कोठें अस्तित्वांत नाहीं. म्हणून जे दीडपटीचा विचार आरंभींच करतात, ते मूळ रुंदी ३४ धरतात. दीडपट ५१, दुप्पट ६८. पण ३४ व ६८ सम आणि ५१ विषम! तेव्हां मधल्या आकाराची रेघ तीन पिक्सेलांची व इतर दोन आकारांची दोन आणि चार पिक्सेलांची काढावी लागते. मोठें चित्र आंखडून हें साधत नाहीं. तिन्ही आकार मूळ थरांवरूनच निरनिराळे काढावे लागतात. म्हणून पट्टी तयार झाली तरी थर एकत्र करून मूळ फाईल पुसूं नये. ती 'आत्या–मूळ' असें कांहीं तरी नांव देऊन गाण्याच्याच फोल्डरांत, गाण्याशेजारीं, ठेवून द्यावी.